कारागृहात शिकवायला जाताना: सातारा-सांगलीतल्या स्वयंसेवकांसाठी

सांगलीत जेलचा विषय निघाला की लोक २४ जुलै १९४३ ची गोष्ट सांगतात, वसंतदादांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तुरुंग फोडला ती. आज तिथं कोण आहे, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. शिकवायला जायचं असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते. सातारा आणि सांगली ही जिल्हा कारागृहं. इथले बहुतेक जण न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी. त्यांचा खटला अजून चालू आहे किंवा उभाच राहिलेला नाही. लांब मुदतीची शिक्षा लागली की माणूस कळंब्याच्या (कोल्हापूर) किंवा येरवड्याच्या (पुणे) मध्यवर्ती कारागृहात जातो.

तुमचा वर्ग कसा असेल ते यावरून ठरतं. आज समोर बसलेल्या पंधरांपैकी तीन आठवड्यांनी सात-आठच उरतील. कुणाला जामीन मिळेल, कुणाची बदली होईल, कुणी त्या दिवशी तारखेला गेलेला असेल, आणि त्यांच्या जागी नवे आलेले असतील. शाळेसारखा धडा एक, धडा दोन असा वर्षभराचा अभ्यासक्रम घेऊन गेलात तर तो महिन्याभरात कोसळतो. स्वयंसेवकांना वाटतं बंद्यांना गोडी नाही. खरं तर आखणीच चुकलेली असते. इथं प्रत्येक तास आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे: आज पहिल्यांदा आलेल्यालाही काहीतरी पूर्ण हाती लागलं पाहिजे, आणि उद्या सुटणाऱ्यालाही.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची गोष्ट वेगळी. औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेली ती खुली वसाहत. तिथं शिक्षा झालेले बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. माणसं टिकून असतात, त्यामुळे सलग अभ्यासक्रम आणि परीक्षेची तयारी तिथं जमते. पुढचं बरंचसं लिखाण जिल्हा कारागृहाला धरून आहे.

परवानगी

अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे करायचा. एक पान पुरतं. त्यात कोण येणार, किती जण, काय शिकवणार, कोणत्या वारी, किती वेळ, किती आठवडे आणि सोबत कोणतं साहित्य आणणार, एवढंच लिहा. प्रत्येक स्वयंसेवकाचं ओळखपत्र, फोटो आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र जोडा. अर्जाची एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या, सचिवांना द्या. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं, त्यांचं कारागृहात कायम येणं-जाणं असतं आणि त्यांच्या शब्दाला वजन असतं. प्रस्ताव वर जाण्याची गरज पडली तर तो कारागृह खात्याच्या पश्चिम विभागाच्या उपमहानिरीक्षकांकडे जातो. वेळ लागू शकतो. तोवर वह्या तयार करा, ते काम पुढे सांगितलंच आहे.

मागणी छोटी ठेवा. आठवड्यातून दोन दिवस, सव्वा तास, पंधरा बंदी, बारा आठवडे. ‘बंद्यांसाठी भव्य व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ असा अर्ज आला की अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर बॅनर, फोटो आणि बंदोबस्त येतो, आणि फाईल तशीच राहते. फोटो काढणार नाही, बातमी देणार नाही, हे अर्जातच लिहून टाका. बंद्याचा चेहरा वर्तमानपत्रात आला तर खटल्यात ओळख पटवण्यापासून गावातल्या अब्रूपर्यंत सगळ्यावर परिणाम होतो.

यादीत नावं सहा द्या, आत मात्र दोघांनीच जा. एकट्याने जायचं नाही. सहा नावं मंजूर असली की एकाच्या घरी लग्न आणि दुसऱ्याला ताप असला तरी वर्ग बुडत नाही. वर्ग न बुडणं ही या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आत असलेल्या माणसाला तारखा पुढे ढकलल्या जाण्याची इतकी सवय झालेली असते की तुम्ही गुरुवारी येतो म्हणून गुरुवारी आलात, तर शिकवण्याआधीच अर्धं काम झालेलं असतं. बारा आठवडे जमणार नसतील तर चारच कबूल करा आणि चारही पाळा.

वेळ ठरवताना त्या कारागृहाचा दिनक्रम विचारून घ्या. सकाळी कोर्टाच्या गाड्या निघण्याची धांदल असते आणि तुमचे निम्मे विद्यार्थी त्या गाड्यांत असतात. दुपारी बरॅका बंद असतात. त्या पुन्हा उघडल्यावर, साधारण तीन ते सव्वाचार, ही वेळ बरी पडते. संध्याकाळी गिनती होऊन सगळे आत गेलेच पाहिजेत, त्यामुळे वर्ग पाच मिनिटंही लांबवू नका. एकदा गिनती तुमच्यामुळे खोळंबली की पुढच्या वेळी गेटवर त्याची आठवण राहते. मुलाखतीचे दिवस टाळा. घरचं माणूस भेटायला आलेलं असताना कुणी पाढे म्हणायला बसत नाही, आणि बसूही नये.

सांगलीकरांनी जुलै-ऑगस्टची वेगळी सोय करावी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की शहरातल्या सगळ्याच गोष्टी थांबतात. त्या आठवड्यांसाठी बंद्यांकडे आधीच देऊन ठेवण्याजोगे सरावाचे कागद तयार असू द्या.

आत काय न्यायचं

मोबाईल, घड्याळातला मोबाईल, पेन ड्राइव्ह, रोख पैसे, तंबाखू, चुना, काडेपेटी हे बाहेर ठेवायचं, हे सगळ्यांना कळतं. चूक होते ती साध्या शालेय वस्तूंत. कंपासपेटी चालत नाही. शार्पनरमध्ये पातं असतं. व्हाइटनर आणि उग्र वासाचा गोंद नशेसाठी हुंगला जातो. स्पायरल वहीत तार असते. टिचकीच्या पेनात स्प्रिंग असते, म्हणून टोपणाचे साधे पेन घ्या. पत्र्याच्या कडेची पाटी नको, पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची चालेल का ते विचारा. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची पुस्तकं झडतीत अडकतात, कारण पुठ्ठ्यात वस्तू लपवता येते. पुस्तक पातळ कव्हरचंच घ्या.

साध्या वहीच्या मधल्या पिनाही नकोत. वही घरी शिवून न्या, अगदी सोपं आहे. ए-फोर आकाराचे बारा कागद घ्या आणि मधोमध घडी घाला. अठ्ठेचाळीस पानं होतात. रेघा हव्या असतील तर झेरॉक्सवाल्याकडून आडव्या कागदावर छापून घ्या. बाजारातले रेघांचे फुलस्केप घेऊ नका, घडी घातल्यावर त्यांच्या रेघा उभ्या होतात. नव्याने लिहायला शिकणाऱ्यासाठी दोन रेघांत एक सेंटिमीटर अंतर ठेवा. घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन कडेपासून तीन-तीन सेंटिमीटर आत. साधारण ५५ सेंटिमीटर सुती दोरा घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर काढा आणि मधल्यातून परत आत या. दोऱ्याची दोन्ही टोकं आता आतच असतात, मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना. त्या टाक्यावरून दोन गाठी मारा. एवढी वही महिनाभर वापरली तरी सुटत नाही. पंधरा वह्यांना दोघांना दीड तास लागतो.

पेन्सिली घरून टोक करून न्या. पंधरा जणांसाठी तीस, म्हणजे टोक मोडलं की दुसरी देता येते. लांब पेन्सिलीचा मध्ये तुकडा करून अर्धी केली तर आणखी बरं. वर्गाच्या सुरुवातीला पेन्सिली मोजून द्या, शेवटी मोजून घ्या, आणि दोन्ही वेळा मोठ्याने मोजा. हे अविश्वासाचं लक्षण वाटू नये म्हणून मोजण्याचं काम एका बंद्यालाच द्या. ‘तीस दिल्या, तीस आल्या’ असं तो म्हणाला की बंदोबस्ताचा शिपाईही निवांत होतो. एक कमी आली तर कुणीही उठायचं नाही, ती सापडेपर्यंत थांबायचं. बहुतेक वेळा ती सतरंजीखाली असते. न सापडता निघून आलात आणि रात्री बरॅकमध्ये तिने कुणाला इजा झाली तर वर्ग कायमचा बंद होतो, आणि तो बंद होणं योग्यच असतं.

अक्षरांच्या आधी डोळे

चाळिशीपुढचा माणूस ‘मला वाचता येत नाही हो’ म्हणतो तेव्हा त्याला अक्षरओळख नाही असं लगेच धरू नका. पुष्कळदा त्याला जवळचं दिसतच नाही. शाळेत चौथी-पाचवीपर्यंत शिकलेला असतो, चष्मा कधी लागलेला नसतो किंवा अटकेच्या गडबडीत फुटलेला असतो. वर्तमानपत्राचा बारीक मजकूर हातभर अंतरावर, सुमारे ४० सेंटिमीटरवर धरायला सांगा. तो कागद आणखी लांब नेऊ लागला की समजा. वाचायच्या चष्म्याचा नंबर पंचेचाळिशीच्या आसपास साधारण दीड, पन्नाशीत दोन, साठीत अडीच असा असतो. तो आपण ठरवायचा नाही. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे यादी द्या आणि त्यांच्यामार्फत तपासणी करून घ्या. चष्म्यांसाठी लायन्स किंवा रोटरीच्या स्थानिक शाखेला विचारता येतं. फ्रेम प्लास्टिकची, काचा प्लास्टिकच्या. सहा महिन्यांच्या साक्षरता वर्गाने जे होत नाही ते काही जणांच्या बाबतीत एका चष्म्याने एका दुपारी होतं.

भाषाही विचारून घ्या. जत तालुक्यातल्या काहींची घरची भाषा कन्नड असते, पारधी समाजातल्या लोकांची वेगळी, आणि गुऱ्हाळावर, बांधकामावर, हॉटेलात कामाला आलेल्यांना हिंदीच जवळची. अशा माणसाला मराठी न कळणं आणि वाचता न येणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत. शेजारी दोन्ही भाषा येणारा बसवला की निम्मा प्रश्न सुटतो.

सव्वा तास कसा घालवायचा

पहिली दहा मिनिटं हजेरी आणि पेन्सिली. हजेरीवहीत फक्त नाव, तारीख आणि आज कुठपर्यंत आलो एवढंच. गुन्ह्याचं कलम, केस नंबर काही नाही. मग दहा मिनिटं एखादी बातमी मोठ्याने वाचायची: बेदाण्याचा दर, कोयनेचं पाणी, कुस्तीचा निकाल. गुन्हेगारीची पानं घरीच काढून ठेवा. एखाद्या बातमीतला आरोपी तुमच्या समोरच बसलेला असू शकतो. नंतर अर्धा तास मुख्य काम, पंधरा मिनिटं ज्याचं त्याने लिहिणं, आणि शेवटी पेन्सिली. उरलेला वेळ गेटवरच्या झडतीत आणि बसायला जागा होण्यात जातो, तो धरूनच चला.

अंगठा उठवणाऱ्याला पहिल्याच तासाला त्याची सही शिकवा. बाराखडीची वाट बघू नका. त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहून द्या, त्यावरून बोट फिरवू द्या, मग पेन्सिल फिरवू द्या, मग खाली स्वतः लिहू द्या. वकीलपत्रावर, जामिनाच्या कागदावर, मनिऑर्डरच्या पावतीवर सही करता येणं ही आत असताना रोजच्या उपयोगाची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी जामीन झाला तरी ती त्याच्याबरोबर जाते.

त्यानंतर क्रमाने अ-आ-इ नको. सहा व्यंजनं आणि एक काना घ्या: म, र, ल, न, ग, क. एवढ्यावर मला, काम, माल, कान, नाक, मान, लाल, राग, नगर, काका, मामा, नाना हे सगळे शब्द होतात. पहिल्या तासाला बारा खरे शब्द वाचता आले की मोठ्या माणसाला पुढे यावंसं वाटतं. पुढच्या गटात त, व, स, ज, द, ब, ख आणि दोन्ही वेलांट्या आणा, मग वकील, जामीन, तारीख यांच्या जवळ पोचता. जोडाक्षरं शेवटी, आणि त्यातही आधी रोज दिसणारी: न्यायालय, प्रत, अर्ज. बालवाडीची बदकांची पुस्तकं आत नेऊ नका. चाळीस वर्षांच्या माणसाला ती वाचायला लाज वाटते आणि तो दुसऱ्या दिवसापासून पोट दुखतंय म्हणून सांगतो.

गणितासाठी पुस्तकाची गरजच नाही. उसाची वजनपावती घ्या: १८ टन ४०० किलो, टनाला ३,१०० रुपये, किती झाले? ५७,०४०. दशांश चिन्ह न येणारा माणूस हे तोंडी करतो, मग तेच कागदावर १८.४ असं लिहायचं कसं ते दाखवा. व्याजासाठी खासगी सावकाराचा हिशेब घ्या. शेकडा तीनने २०,००० रुपये घेतले तर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० नुसतं व्याज, मुद्दल तिथल्या तिथं. हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्गात गप्प शांतता पसरते, कारण कित्येकांनी तो आयुष्यात भोगलेला असतो. तिथं घाई करू नका. त्यांना बोलू द्या. मग बँकेचं वर्षाला बारा टक्के आणि सावकाराचं महिन्याला तीन टक्के शेजारी शेजारी मांडा. ऊसतोडीच्या उचलीचाही हिशेब असाच घेता येतो.

वर्गात सगळे एका पातळीचे कधीच नसतात. पदवीधर आणि निरक्षर एकाच सतरंजीवर बसतात. शिकलेल्या दोघा-तिघांना मदतनीस करा, पण निवड अधिकाऱ्यांना विचारून करा. बरॅकमध्ये ज्याचा दबाव आहे तोच पुढे होऊन ‘सर, मी शिकवतो’ म्हणतो, आणि मग वह्या-पेन्सिलीही त्याच्याच मर्जीने मिळू लागतात. मदतनीस दर महिन्याला बदला.

परीक्षा आणि दाखले

पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी उल्लास, म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. त्याची नोंदणी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (योजना) यांच्या कार्यालयामार्फत होते. चाचणी १५० गुणांची: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना पन्नास-पन्नास. अनेकांच्या आयुष्यात पास होऊन हातात प्रमाणपत्र येणारी ही पहिलीच परीक्षा असते. ते प्रमाणपत्र त्यांना आदराने द्या, नावाने बोलावून.

दहावी करायची असेल तर दोन वाटा. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, ज्याचं काम आपल्याकडे कोल्हापूर विभागीय मंडळ बघतं, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १७ नंबरच्या फॉर्मला पाचवी उत्तीर्ण आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि गाडी तिथंच अडते. दाखला माण किंवा खटावातल्या कुठल्याशा शाळेत असतो आणि घरचं आणायला कुणी नसतं. परस्पर त्या गावी जाऊ नका. कारागृह कार्यालयाकडून मुख्याध्यापकांच्या नावे पत्र घ्या आणि ते पत्र पोचवायची परवानगी मागा. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे, पण कच्च्या कैद्याला ते सुचवताना परीक्षेपर्यंत तो कुठे असेल याचा विचार करा. सुटल्यावर केंद्र बदलून मिळेल अशी नोंदणी असली पाहिजे, आणि नोंदणीच्या कागदांची झेरॉक्स त्याच्या सामानात गेली पाहिजे. शिक्षा झालेल्या बंद्याला परीक्षा पास झाल्यावर विशेष माफी, म्हणजे शिक्षेच्या दिवसांत सूट, मिळू शकते. किती, ते कार्यालयाने सांगायचं, तुम्ही आकडा बोलू नका.

एकेकट्याशी बोलणं

वर्ग सहा-आठ आठवडे नीट चालला की काही जण थांबून बोलू लागतात. मार्गदर्शक म्हणून खरं काम इथं सुरू होतं आणि सगळ्यात जास्त चुकाही इथंच होतात.

बोलताना ‘तुम्ही’च म्हणा. वयाने लहान असला तरी अरे-तुरे नको. नावापुढे भाऊ, दादा, मोठ्यांना काका लावा. ते तुम्हाला सर, मॅडम, ताई म्हणतील. बिल्ला नंबरने कधीच हाक मारू नका. गुन्हा काय केला हे विचारू नका. त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली तर हळूच थांबवा आणि ‘हे तुमच्या वकिलांना सांगा’ म्हणा. तो कठोरपणा नाही. खटला चालू असताना त्याने तुम्हाला सांगितलेली गोष्ट उद्या तुम्हाला साक्षीला उभं करू शकते, आणि नुकसान त्याचं होतं.

निरोप नेऊ नका. हे जड जातं, कारण मागणी फार साधी असते. ‘ताई, आईला एवढंच सांगा की बरा आहे.’ पण तोच निरोप कुणाला कसा कळेल, त्यात काय खूण असेल, तुम्हाला माहीत नसतं. एकदा एकाचा निरोप नेलात की बाकीच्या चौदांना नाही म्हणता येत नाही. त्याऐवजी तिथंच त्याच्याकडून पोस्टकार्ड लिहून घ्या आणि ते कार्यालयाच्या तपासणीतून जाऊ द्या. लिहिता न येणाऱ्यासाठी आईला पत्र हाच त्या दिवसाचा धडा. पैसे, फोन नंबर, घरचा पत्ता, वकील सुचवणं, जामिनाबद्दल अंदाज सांगणं, यातलं काहीही नाही. धमकी, मारहाण किंवा जीव देण्याची भाषा कानावर आली तर मात्र ती पोटात ठेवायची नाही. त्याच दिवशी अधीक्षकांना सांगा, आणि असं सांगणार आहोत हे पहिल्याच दिवशी वर्गात जाहीर करून ठेवा.

प्रत्येक बैठकीत एकच छोटं ठरवा, पुढच्या वेळेपर्यंत करण्याजोगं: पत्नीला एक पत्र, वकिलाला विचारायचे तीन प्रश्न, सुटल्यावर पहिल्या आठवड्यात कुणाकडे राहायचं त्याची दोन नावं. ‘आयुष्य बदला’ सांगू नका. माणसाला आतल्या आत तेवढं रोज ऐकू येत असतं.

महिला विभागात फक्त महिला स्वयंसेवकांनी जायचं. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर आत राहू शकतात, म्हणून चित्रांचे कागद आणि मेणाचे खडू जास्त न्या. तिथं सही आणि बँकेचं खातं हे दोन विषय आधी घ्या. बायकांना भेटायला येणारं कुणी नसतं असं फार दिसतं. त्यामुळे ठरलेल्या वारी जाणं तिथं आणखी मोलाचं.

कायद्यातलं तुम्हाला ठाऊक हवं असं

तुम्ही वकील नाही, पण चार गोष्टी माहीत असल्या तर माणूस वेळेवर योग्य दारात पोचतो. कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक १५१००, तो घरच्यांना वापरता येतो. चार्जशीट गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आली नाही तर जामीन मागता येतो, म्हणून अटकेची तारीख ज्याची त्याला पाठ असली पाहिजे. वहीच्या पहिल्या पानावर ती लिहून घ्या, तोही वाचनाचा धडाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांनी निम्मा काळ आत काढला असेल तर सुटकेचा विचार होतो. फाशी किंवा जन्मठेप असू शकणाऱ्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असणाऱ्यांना ते लागू नाही.

आणि हे नीट लक्षात ठेवा: जामीन मंजूर होऊनही कित्येक जण आतच असतात, कारण जामीनदार मिळत नाही किंवा रक्कम भरता येत नाही. अशी माणसं गप्प बसतात. वर्गात ‘जामीन झालाय पण सुटलो नाही असं कोण आहे?’ हा प्रश्न महिन्यातून एकदा विचारा आणि नावं त्याच दिवशी कार्यालयाला आणि विधी सेवा प्राधिकरणाला द्या. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा आदेश आहे. गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजनाही त्याच वर्षीची. तिच्या २०२३ च्या मूळ मार्गदर्शक सूचनांत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. काही विशेष कायद्यांखालच्या गुन्ह्यांना ती मिळत नाही.

सुटण्याचा दिवस

जामिनाचा कागद बहुधा संध्याकाळी पोचतो. माणूस अंधार पडताना फाटकाबाहेर येतो, खिशात थोडेच पैसे, फोन जप्तीत, आणि शेवटची एसटी निघून गेलेली. त्यामुळे तयारी आधीच झालेली असावी. वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्याच हाताने लिहून घ्या: पाठ असलेले दोन फोन नंबर, गावाला जाणारी शेवटची गाडी, रात्र काढायची जागा, पुढची तारीख, कोर्टाचं नाव, वकिलाचं नाव, पोलीस ठाण्यात हजेरी असेल तर तिचा वार. पुढची तारीख चुकणं हे पुन्हा आत येण्याचं सगळ्यात साधं कारण आहे. वॉरंट निघतं आणि जामीन जातो.

सुटल्यानंतर जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटायला सांगा. ते महिला व बालविकास विभागात असतात आणि मुक्त बंद्यांच्या सहाय्यक अनुदानाचं काम त्यांच्याकडे असतं. कामासाठी गावचं पहिलं दार बहुधा नातेवाइकांचं असतं. ते बंद झालं तर बेदाण्याचे शेड, हळदीच्या वखारी, गॅरेज, बांधकामाचे ठेकेदार, जिथं मालक स्वतः उभा असतो अशा जागा आधी बघाव्यात. तुमच्या ओळखीतल्या मालकाशी बोलायचं असेल तर दोघांच्याही संमतीने बोला आणि खटल्याबद्दल खोटं सांगू नका. महिन्याभराने ते दुसऱ्याकडून कळतं आणि नोकरीबरोबर तुमचा शब्दही जातो.

काही जण परत येतील. तीन महिन्यांनी वर्गात शिरताना तुमची नजर चुकवत मागे बसतील. ‘पुन्हा कसे?’ असं विचारू नका, चेहऱ्यावरही येऊ देऊ नका. हजेरीवही उघडा, त्यांचं नाव शोधा, शेवटच्या वेळी कुठपर्यंत आलो होतो ते बघा. दुसऱ्या गटातल्या वेलांट्यांवर थांबलो असू तर नवी वही द्या आणि त्याच पानापासून सुरू करा.